भित्तिचित्रकाराला बर्गर खायला बोलावलंय, तर काय बोलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. म्हापशात एक जोडपं दोन वर्षांपासून बर्गरचं छोटं हॉटेल चालवतंय. हॉटेलची रस्त्याकडची भिंत २८ फूट लांब, ११ फूट उंच, तोंड पश्चिमेला, समोर मोटारसायकल पायलटांचा, म्हणजे भाडं घेऊन माणसांना मागे बसवून नेणाऱ्यांचा, थांबा. या भिंतीवर आजूबाजूच्या माणसांना बरोबर घेऊन चित्र करायचं आहे. अशी कामं करणाऱ्या एका चित्रकाराला त्यांनी पुढच्या आठवड्यात दुपारी जेवायला बोलावलंय. जेवताना काय बोलायचं, पैशांचा विषय कधी काढायचा, चित्रात बर्गर मागायचा का, आणि चतुर्थी तर झाली, आता दिवाळीला उद्घाटन जमेल का, असं दोघांनी विचारलंय.

मी फोंड्याची. आल्तिनोच्या गोवा कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडले, त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून भिंतीच रंगवते आहे. शाळांची कुंपणं, पंचायतीची सभागृहं, एक मासळी बाजार, दोन-तीन हॉटेलं. तुम्ही म्हणता तशा जेवणांना मी नेहमी टेबलाच्या पलीकडे बसले आहे, त्यामुळे तुमच्या पाहुण्याच्या मनात काय चाललेलं असेल हे मला ठाऊक आहे.

पहिलं सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. त्या जेवणात चित्र ठरवू नका. विषय नको, रंग नकोत, ‘आम्हाला असं काहीतरी हवं’ म्हणून मोबाइलवर दाखवलेले फोटो तर नकोतच. तुमचा पाहुणा पहिल्याच भेटीला रंगीत आराखडा घेऊन आला, तर तो हाताने कितीही तयार असू दे, तुम्हाला हवं ते काम तो करत नाहीये. भिंतीसमोर राहणाऱ्या एकाही माणसाशी तो अजून बोललेला नाही, आणि तरी त्याचं चित्र तयार आहे. मग लोकांच्या वाट्याला उरतं काय? त्याने आखलेल्या चौकटीत रंग भरणं. त्यालाही लोकसहभाग म्हणायची पद्धत पडली आहे, पण मला ते पटत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका खाजनाकाठच्या गावात शाळेची भिंत करत होते. विषय मीच ठरवला होता: खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली भातशेती, तिचे बांध, आणि मधोमध मोठा मानस, म्हणजे बांधातली दारं लावलेली पाण्याची वाट. मानसाची लाकडी दारं मी आतल्या बाजूला, शेताकडे उघडलेली काढली. दिसायला छान दिसत होती, पाणी शेतात शिरतंय, वर बगळे. चौथ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, असा मानस बसवला तर पहिल्याच भरतीला अख्खं खाजन खारट होईल. मानसाची दारं नदीच्या बाजूला उघडतात. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की ती आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि शेतातलं जादा पाणी निघून जातं. कुणी तिथे उभं राहायला लागत नाही. शेकडो वर्षं चालत आलेली ही रचना ज्या गावाला तोंडपाठ होती, त्याच गावाच्या शाळेवर मी ती उलटी काढून ठेवली होती. मुलं रोज ती बघणार होती. मी दोन दिवसांचं काम पांढऱ्याने पुसलं, त्या आजोबांना खुर्ची आणून दिली आणि त्यांना विचारत विचारत मानस पुन्हा काढला. त्यांनी सांगितलं म्हणून खालच्या बाजूला कोरगुट भाताच्या लोंब्या आल्या. त्या मला सुचल्याच नसत्या, कारण खाऱ्या जमिनीत तगणारं ते भात मी तोवर नीट पाहिलेलंही नव्हतं.

तेव्हापासून पहिल्या जेवणाला मी कागद-पेन्सिल पिशवीतच ठेवते.

मग जेवताना करायचं काय? आधी बसायचं कुठे ते बघा. एसीच्या आतल्या टेबलावर बसवू नका. भिंत दिसेल असं बाहेरचं टेबल काढा, नसेल तर समोरच्या बाजूला दोन खुर्च्या टाका. आणि वेळ दुपारचीच ठेवा, गर्दी ओसरल्यावर, अडीच-तीनच्या सुमाराला. तुमची भिंत पश्चिमेची आहे. अडीचपर्यंत ऊन तिच्यावर आलेलं असतं आणि मावळेपर्यंत हटत नाही. जेवता जेवता दीड तासात चित्रकाराला सगळं कळतं: माडाची सावली कुठे पडते, ऊन कुठे सरळ मारतं, रस्त्यावरून चालणारा माणूस कुठे थबकतो आणि कुठे मान न वळवता निघून जातो. भिंतीला लागून स्कूटर लावत असतील, तर खालचे साडेतीन फूट चित्र कुणाला दिसणारच नाही, तिथे चेहरे काढून उपयोग नाही. पावसात रस्त्याचं लाल पाणी किती उंच उडतं ते भिंतीवरच्या डागांवरून दिसेल. ते डाग त्या दिवसापर्यंत धुऊ नका, रंगवून तर मुळीच टाकू नका. पाहुणा येणार म्हणून भिंतीला पांढरा हात मारून ठेवणारे यजमान मी पाहिले आहेत. त्यांनी प्रेमानेच केलं होतं, पण माझ्या उपयोगाची सगळी माहिती त्या पांढऱ्याखाली गेली.

समोरचे पायलट. त्यांच्याबद्दल तुम्ही प्रश्नात एकच ओळ लिहिली आहे, मला मात्र ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुम्ही दोघं दिवसभर स्वयंपाकघरात आणि गल्ल्यावर असणार. ती भिंत सकाळपासून रात्रीपर्यंत बघणार ते पायलट. गिऱ्हाइकाची वाट बघत पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर बसलेला माणूस दिवसातले कितीतरी तास समोर बघत असतो. त्यांच्यापैकी एकाला, वयाने मोठा असेल त्याला, जेवणाच्या शेवटी चहाला बोलवा. जेवणालाच बोलावलंत तरी चालेल, पण गाडी सोडून तासभर बसणं त्याला परवडणार नाही. पाऊस कुठल्या बाजूने मारतो, रात्री भिंतीशी कोण उभं राहतं, पोस्टर कोण चिकटवतं, हे त्याला जेवढं माहीत आहे तेवढं नगरपालिकेलाही नसेल. आणि काम चालू असताना परांचीवर लक्ष ठेवणारी माणसंही तीच.

खाण्याचं म्हणाल तर, बोलावण्याआधी विचारून घ्या की त्या दिवशी शिवराक, म्हणजे शाकाहार, आहे का. सोमवार पाळणारी, श्रावण-मार्गशीर्ष पाळणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि पाहुण्यासमोर चोरिसचा (डुकराच्या मसालेदार सॉसेजचा) बर्गर ठेवल्यावर तो कांद्याच्या चकत्या खात बसला तर दोघांनाही अवघड होतं. अळसांद्याची (चवळीची) टिक्की किंवा कच्च्या फणसाचं कटलेट जमत असेल तर मला तरी फार आवडेल. आणि हे जेवण मानधनात धरू नका. उगीच सांगत नाहीये, ‘जेवूनखाऊन इतके’ असा हिशोब करणारे लोक भेटले आहेत.

आता एक प्रश्न, जो हॉटेलवाल्यांना मी स्वतः नेहमी विचारते. तुमच्या पाहुण्याने विचारला नाही तर तुम्हीच त्याला उत्तर देऊन टाका. पाव कुणाकडून घेता?

फोंड्याजवळच्या एका छोट्या हॉटेलात मी असंच विचारलं होतं. तिथे बर्गरला कारखान्यातला गोडसर बन नव्हता, उंडो होता, बाहेरून कडक गोल पाव, गावच्या पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, रोज येणारा. मालक म्हणाले, उद्या सकाळी या, तो पाव टाकायला येतो. मी गेले. पोदेर आधी लाजला, मग बोलायला लागला ते थांबेचना. पहाटे कुठल्या घराशी हॉर्न वाजवायचा आणि कुठे आजारी माणूस आहे म्हणून वाजवायचा नाही. कुठल्या दारात पिशवी टांगलेली असते, कुठे म्हातारी बाय स्वतः उभी असते, कुठलं घर पोई घेतं, कुठलं कातरे पाव, कुठे डायबिटीस झाल्यापासून सगळ्यांनीच कोंड्याची पोई सुरू केली. कुठल्या बंद घराशी अजूनही त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, कारण ती माणसं लिस्बनला गेली. अर्ध्या तासात त्याने मला अख्खा वाडा सांगितला. ते चित्र शेवटी असं झालं: एका रांगेत अकरा दारं, त्यातली दहा किंचित उघडलेली, आणि त्या प्रत्येकातून बाहेर आलेला एकेक हात. बांगड्यांचा, सुरकुत्यांचा, मेंदीचा, शाळकरी, एक पाटा-वरवंट्याने घट्टे पडलेला. अकरावं दार बंद. पोदेर स्वतः चित्रात कुठेच नाही, फक्त उजव्या टोकाला सायकलचं मागचं चाक आणि टोपली. हात त्या त्या घरच्या लोकांचेच होते, माझ्यासमोर धरून बसलेले. आज त्या भिंतीसमोर लोक ‘हा आमच्या मावशीचा’ म्हणून दाखवतात.

यातच तुमच्या ‘बर्गर मागू का’ या प्रश्नाचं माझं उत्तर आहे. बर्गर नका मागू, पाव येऊ द्या. बर्गर तुमचा आहे, पाव सगळ्यांचा. पोर्तुगीजांबरोबर आलेला पाव आपल्या लोकांनी माडाच्या सुरेने फुगवून आपलासा केला, पिढ्यान् पिढ्या पोदेराच्या हॉर्नने गोव्याची सकाळ झाली. त्यात हिंदू घर, ख्रिस्ती घर असा भेद नाही. भिंतीवर हॉटेलचं नाव, बोधचिन्ह, मेनूतला पदार्थ आला की ती जाहिरात होते. मग पायलट, शेजारचा शिंपी, वरच्या मजल्यावरच्या मुली तिला आपली का म्हणतील? त्यांनी त्यावर फुकट राबावं अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. तुमची पाटी दारावर वेगळी, छान मोठी लावा, तिचे पैसे वेगळे द्या.

हॉटेलला याचा तोटा होतो असंही नाही. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमध्ये गेला असाल तर मारियो मिरांडांनी केलेल्या भिंती आठवा. आपल्या लोटलीच्या या माणसाने एका भिंतीवर कॅफेतलं वातावरण काढलं आणि दुसऱ्या भिंतीवर मुंबईचं जगणं. सगळीकडे माणसंच माणसं, कुणी कुणाकडे बघतंय, कुणी कुणाला टाळतंय. मारियो २०११ साली गेले, लोक अजून त्या भिंती बघायला आत शिरतात आणि मग काहीतरी मागवतात.

विषय सापडल्यावर कच्चं रेखाटन होईल. ते तुम्ही दोघांनी बंद खोलीत पास करायचं नाही. काचेवर किंवा भिंतीवरच आठ-दहा दिवस लावून ठेवा, शेजारी दोरीला पेन्सिल बांधा. लोक लिहितात. मासळी बाजाराच्या कामात मी पापलेट आणि सुरमई ऐटीत काढली होती. एक मासळीवाली बाय तिथे आली आणि एवढंच म्हणाली, ‘हें आमचें न्हय.’ विचारलं तेव्हा कळलं की त्या बसतात त्या रांगेत पापलेट कधी येतच नाही, तिथे बांगडे, तारले, तिसऱ्या आणि पावसाळ्यात सुकी मासळी. मी रेखाटन बदललं. त्या बदलाने चित्र दिसायलाही सुधारलं, कारण तारल्यांच्या राशीला जी लय आहे ती एका ऐटबाज सुरमईला नाही. अर्थात लिहिलेलं सगळंच ऐकायचं नसतं. कुणी आपल्या पक्षाचं चिन्ह सुचवेल, कुणी देव काढा म्हणेल. कमरेच्या उंचीला, थुंकणाऱ्या-टेकणाऱ्या रस्त्याशी, मी देव काढत नाही, आणि कारण सांगितलं की लोकांना ते पटतं. काय ऐकायचं आणि काय नाही, हे चित्रकाराने ठरवायचं, हे मात्र त्या पहिल्या जेवणात बोलून घ्या.

हातांबद्दल. चारशे माणसं एका भिंतीवर काम करू शकतात का? करू शकतात, पण एका दिवशी नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला जुडिथ बाका यांनी १९७६ पासून एका पूरकालव्याच्या भिंतीवर असं काम उभं केलं, जवळपास ८४० मीटर लांबीचं, आणि त्यात चारशेहून जास्त तरुण मुलं रंगवायला होती. ते उन्हाळ्यांमागून उन्हाळे चाललं. फिलाडेल्फियात १९८४ पासून भित्तिचित्रांचा जो सरकारी कार्यक्रम चालतो, तिथे एक फार उपयोगी युक्ती रुळली: चित्राचे तुकडे पातळ न विणलेल्या कापडावर आखून देतात, लोक ते टेबलावर बसून रंगवतात, आणि नंतर अ‍ॅक्रिलिक जेलने भिंतीवर डकवतात. परांचीवर चढू न शकणाऱ्या आजीला आणि सहा वर्षांच्या मुलालाही त्यामुळे रंगवता येतं. तुमच्याकडे टेबलं आहेतच, सोमवारी हॉटेल बंद असेल तर तोच दिवस. फक्त आपल्या पावसात उघड्या भिंतीवर त्या कापडाच्या कडा उचलतात असा माझा अनुभव आहे, म्हणून मी ते छपराखालच्या भागात किंवा आतल्या भिंतीवरच वापरते. तुमच्या बाहेरच्या भिंतीला वरून किती पत्रा पुढे आला आहे त्यावर बघा.

आणि हात शोधायला लांब जाऊ नका. तुमच्या वाड्यावर दिवाळीत जाळायचे नरकासुराचे पुतळे करणारी मुलं आहेत ना? वीस फुटांचा सांगाडा बांबूवर उभा करणं, छोट्या चित्रावरून मोठा चेहरा ताणणं, रात्रभर जागून रंग पुरवणं, हे सगळं त्यांना येतं. माझ्या बऱ्याच कामांत परांचीवरचे सगळ्यात भरवशाचे हात हेच होते. चौकोन आखून रेखाटन मोठं करायला त्यांना एकदा दाखवावं लागतं, बास. पण ती मुलं दिवाळीपर्यंत मोकळी नसतात.

म्हणजे दिवाळीच्या उद्घाटनाचं उत्तर मिळालंच. नको. आणि मुलांपेक्षाही मोठं कारण भिंत आहे. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. जांभ्या चिऱ्यांची भिंत ते पाणी स्पंजासारखं पिते आणि पाऊस थांबल्यावर हळूहळू सोडते. वरून कोरडी दिसते, आत ओल असते. मी एकदा एका सार्वजनिक इमारतीची भिंत पाऊस थांबून तीन आठवडे व्हायच्या आत रंगवली, कारण पाहुण्यांची तारीख ठरलेली होती. पुढच्या मार्चपर्यंत लोणा धरला, आतला क्षार रंग ढकलत बाहेर आला, आणि एका मुलीच्या रंगवलेल्या चेहऱ्यावर पोपडे सुटले. तिला रंगवायला बसलेली खरी मुलगी त्याच रस्त्याने शाळेत जायची. ते अजून मनातून जात नाही.

म्हणून परीक्षा करा. दीड फूट चौरस प्लास्टिकचा जाड कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर डकवा, दोन दिवस ठेवा. आतून घाम धरला तर भिंत तयार नाही. दोन-तीन ठिकाणी, जमिनीजवळ तर नक्कीच, करून बघा. गिलावा नवीन केला असेल तर रंगवण्याआधी त्याला मुरायला आणि सुकायला निदान २८ दिवस द्या. जुना चुन्याचा हात असेल तर खरवडून काढायला लावा, चुन्यावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, सोलून येतं. ओल जमिनीतूनच चढत असेल, छपराची पागोळी भिंतीवर गळत असेल, तर आधी गवंडी बोलवा, चित्रकार नंतर. माझ्या हिशोबाने तुमचं काम नोव्हेंबरअखेर सुरू व्हावं आणि जानेवारीच्या आसपास, पौषातल्या बोडगेश्वराच्या जत्रेआधी संपावं. जत्रेला अख्खा बारदेश म्हापशात असतो, याहून चांगलं उद्घाटन कुठलं?

रंगांचा तपशील चित्रकारावर सोडा, पण दोन गोष्टी तुम्हाला माहीत असलेल्या बऱ्या. पश्चिमेच्या उन्हात झगझगीत गुलाबी, लिंबी पिवळा आणि चकाकणारे फ्लुरोसंट रंग सगळ्यात आधी उडतात. लोहाच्या ऑक्साइडचे रंग, म्हणजे काव, गेरू, पिवळी माती, काळा, हे वर्षानुवर्षं टिकतात. आपल्या जुन्या कारागिरांना हे ठाऊक होतं. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात, अडवलपालच्या शर्वाणीच्या देवळात कावीकाम बघून या, आणि जमलं तर चित्रकारालाही घेऊन जा. त्यात पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा लाल थर देऊन, तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडतात, आणि खालचा पांढरा रंग रेषा होऊन वर येतो. लाल आणि पांढरा, दोनच रंगांत वेली, मोर, देवदेवता. तुमच्या सिमेंटच्या भिंतीवर खरं कावीकाम होणार नाही, त्याला चुन्याचाच गिलावा लागतो आणि तो हात असलेला कारागीर लागतो. पण दोन-तीन मातकट रंगांत सगळी भिंत बांधायला कावीकडून खूप शिकता येतं. खालच्या दोन फुटांना मी नेहमी कावेचाच पट्टा देते. पावसात उडणारा लाल चिखल त्यात दिसतच नाही.

पैसे. जेवण संपून हात धुऊन आल्यावर बोला, पण त्याच दिवशी बोला. ‘नंतर बघू’ म्हणून उठलात तर चित्रकार रात्रभर तेच घोळवत बसेल. चौरस फुटाचा दर विचारू नका, सामूहिक कामात तो फसवा असतो. लोकांशी बोलण्याचे, रेखाटनाचे, ते दोनदा बदलण्याचे दिवस चौरस फुटात येत नाहीत, आणि माझ्या कामात रंगवण्यापेक्षा तेच दिवस जास्त भरतात. त्याऐवजी चार वेगळे आकडे मागा: रेखाटनापर्यंतचं मानधन, रंगवण्याचं मानधन, साहित्य, आणि परांची. साहित्याचा अंदाज तुम्हालाही करता येतो. २८ गुणिले ११ म्हणजे ३०८ चौरस फूट. बाहेरचं चांगलं अ‍ॅक्रिलिक इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण ५० ते ६० चौरस फूट जातं, म्हणजे नुसत्या पायाच्या रंगाला सहा लिटर, त्याखाली प्रायमर, वर चित्राचे रंग. रेखाटन लोकांनी नाकारलं आणि काम पुढे गेलं नाही, तरी पहिलं मानधन द्यायचं, हे आधीच मान्य करा. मी काम सुरू होताना थोडे, रेखाटन भिंतीवर चढल्यावर थोडे आणि संपल्यावर राहिलेले असे तीन टप्पे ठेवते. आलेल्या मुलांना रोजचं जेवण तुमच्याकडून, ते तुम्हाला जमण्यासारखं आहे आणि त्यांना आवडेलही.

एक पानाचा का होईना, करार लिहा. भिंत भाड्याची असेल तर मालकाची लेखी परवानगी हवी, आणि गोव्यात एका घराच्या कागदावर किती नावं असतात ते तुम्ही जाणता. सगळी नावं बघा. दुसरं, हक्क. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा ठरतो. म्हणजे काही न लिहिता तुम्ही उद्या ते हात, ती दारं टी-शर्टवर छापू शकता. तुमच्या मनात नसेलही, पण ज्या बायकांनी हात दिले त्यांचा विचार करा. मी करारात लिहिते की चित्राचे फोटो हॉटेल स्वतःच्या प्रसिद्धीला वापरू शकतं, पण विकायच्या वस्तूवर घ्यायचं तर चित्रकाराला आणि वाड्याला विचारायचं. कलम ५७ चा हक्क मात्र चित्रकाराकडेच राहतो, प्रताधिकार कुणालाही दिला तरी: आपलं नाव लावण्याचा, आणि कामाची मोडतोड होऊन आपली प्रतिष्ठा जात असेल तर दाद मागण्याचा. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प १९७९ साली काढून गोदामात टाकलं होतं. ते कोर्टात गेले आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्र सरकारला अवशेष परत करायला आणि पाच लाख रुपये द्यायला सांगितलं. तुमच्यावर अशी वेळ येणार नाही, पण हॉटेल हलवलंत, भिंत पाडायची वेळ आली, तर चित्रकाराला किती दिवस आधी कळवायचं हे लिहून ठेवा. मी साठ दिवस लिहिते. फोटो काढून घ्यायला आणि वाड्यातल्या लोकांना शेवटचं बघून घ्यायला तेवढे पुरतात.

नावांचं राहिलं. कोपऱ्यात चित्रकाराची सही असतेच. तिच्या शेजारी काम केलेल्या सगळ्यांची नावं लिहा, परांची बांधणाऱ्याचंही. आपल्या हाताने ज्याला त्याला लिहू द्या, अक्षर वाकडं असलं तरी. शेजारची मुलगी मोठी झाल्यावर तिथे बोट ठेवणार आहे.

शेवटी, पहिल्या जेवणातून उठायच्या आधी दुसऱ्या जेवणाची तारीख घ्या. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरची, पहिला पावसाळा काढल्यानंतरची. त्याच टेबलावर, भिंत समोर ठेवून. कुठे बुरशी आली, कुठे रंग उडाला, कुठला भाग पायलटांच्या पाठींनी घासला गेला, ते तेव्हा दिसेल, आणि एका दिवसात दुरुस्त होईल. त्या दिवसाचं मानधनही करारातच लिहा, आणि त्या दिवशी पोदेराला बोलवायला विसरू नका.